खाजगी कंटेनर रजिस्ट्री

खाजगी कंटेनर रजिस्ट्री म्हणजे कंटेनर इमेज साठवणारे आणि केवळ अधिकृत वापरकर्त्यांनाच त्या उतरवून घेऊ देणारे भांडार होय. कंटेनर इमेज म्हणजे एखादे सॉफ्टवेअर चालण्यासाठी लागणाऱ्या फायलींचा एकत्र बांधलेला संच. एखाद्या संस्थेचे अंतर्गत सॉफ्टवेअर अनेक संगणकांच्या समूहावर, म्हणजे क्लस्टरवर चालवायचे असते, तेव्हा त्याची इमेज बहुधा अशा रजिस्ट्रीतून घेतली जाते.

पार्श्वभूमी

डॉकर हे साधन २०१३ मध्ये खुले झाले आणि इमेज तयार करणे सोपे झाले. क्लस्टरवरील कंटेनरांची व्यवस्था पाहणारी कुबरनेटीस ही प्रणाली गूगलने जून २०१४ मध्ये जाहीर केली. हे नाव ग्रीक असून त्याचा अर्थ सुकाणू धरणारा असा आहे. २०१५ मध्ये स्थापन झालेल्या ओपन कंटेनर इनिशिएटिव्हने पुढे इमेजची रचना आणि रजिस्ट्रीशी होणारा संवाद यांची सामायिक मानके ठरवली. त्यामुळे एका साधनाने बनवलेली इमेज दुसऱ्या साधनाला चालवता येते.

इमेजची ओळख

इमेज अनेक थरांची बनलेली असते. प्रत्येक थराला त्याच्या आशयावरून काढलेली एसएचए-२५६ ही ओळख असते. नोडवर, म्हणजे क्लस्टरमधील संगणकावर, आधीच असलेला थर पुन्हा उतरवला जात नाही. टॅग हे मात्र केवळ हलवता येणारे लेबल आहे. 'लेटेस्ट' हा टॅग लावलेली इमेज सर्वांत नवी असेलच, अशी कोणतीही हमी नसते.

परवानगी

विकासक स्वतःच्या संगणकावरून रजिस्ट्रीत प्रवेश करतो, तेव्हा त्याची ओळखपत्रे त्याच संगणकावर राहतात. क्लस्टरमध्ये इमेज मागवण्याचे काम विकासक करत नाही. ते प्रत्येक नोडवरील क्यूबलेट हा घटक करवून घेतो. त्याला विकासकाचा पासवर्ड ठाऊक असण्याचे कारण नाही. विकासकाकडे व्यवस्थित चालणारी इमेज क्लस्टरवर 'एररइमेजपुल' आणि मग 'इमेजपुलबॅकऑफ' या स्थितीत अडकते, त्यामागे पुष्कळदा हेच असते. त्यानंतरचे प्रयत्न वाढत्या अंतराने होत राहतात; हे अंतर जास्तीत जास्त ५ मिनिटांचे असते.

यावरील रूढ उपाय म्हणजे ओळखपत्रे 'सीक्रेट' या वस्तूत ठेवून तिचे नाव पॉडच्या वर्णनातील 'इमेजपुलसीक्रेट्स' या ठिकाणी नोंदवणे. सर्व्हिस अकाउंटला ते जोडल्यास त्या खात्याच्या नव्या पॉडांना ते आपोआप मिळते. सीक्रेट पॉडच्याच नेमस्पेसमध्ये असावे लागते. शेजारच्या नेमस्पेसमधील सीक्रेट उपयोगी पडत नाही. नावाने गुप्त असले तरी सीक्रेटमधील मजकूर बेस-६४ या पद्धतीने केवळ वेगळ्या अक्षरांत मांडलेला असतो. देवनागरी मजकूर मोडीत लिहिल्याने तो मोडी जाणणाऱ्यापासून लपत नाही, तसेच हे आहे. म्हणून सीक्रेट वाचण्याचा अधिकार मोजक्यांनाच देणे आणि साठवणीत त्याचे कूटलेखन करणे आवश्यक ठरते.

मुदत संपलेली ओळखपत्रे

काही रजिस्ट्रींची ओळखपत्रे अल्पमुदतीची असतात. ॲमेझॉनच्या ईसीआर सेवेचे टोकन १२ तास चालते. मुदत संपल्यावरही चालू कंटेनर थांबत नाहीत, त्यामुळे बिघाड कोणाच्या लक्षात येत नाही. एखादा नोड बंद पडून पॉड दुसऱ्या नोडवर हलवला जातो, तेव्हाच तो उघडकीस येतो, म्हणजे नेमक्या अडचणीच्या वेळी. कुबरनेटीसच्या १.२६ आवृत्तीत स्थिर झालेल्या सुविधेनुसार क्यूबलेट इमेज मागवताना बाह्य साधनाकडून ताजी ओळखपत्रे घेऊ शकतो.

नोडवरील साठा

'इफनॉटप्रेझेंट' धोरणात नोडवर असलेली इमेज पुन्हा मागवली जात नाही. परिणामी एका पॉडने परवानगीने आणलेली इमेज परवानगी नसलेल्या पॉडलाही वापरता येऊ शकते. अनेक गटांच्या सामायिक क्लस्टरवर ही त्रुटी गंभीर आहे. 'ऑलवेजपुलइमेजेस' हा प्रवेश-नियंत्रक लावल्यास कंटेनर सुरू होताना दरवेळी रजिस्ट्रीकडे विचारणा होते. मात्र मग रजिस्ट्री बंद असताना, इमेज नोडवर असूनही नवा पॉड सुरू होत नाही.