मूळ चित्र आत, छापाचे चित्र बाहेर

संकेतस्थळावरील चित्र वाचकाच्या पडद्यावर दिसते, तेव्हा त्याची एक संपूर्ण प्रत त्याच्या संगणकात किंवा मोबाइलमध्ये उतरलेली असते. एवढी गोष्ट नीट लक्षात घेतली, तर माउसची उजवी कळ बंद करून चित्रांची चोरी थांबवण्याचे जे प्रयत्न अनेक संकेतस्थळांवर आढळतात, त्यांचा फोलपणा आपोआप उघड होतो. जे पाहता येते ते जतनही करता येते. म्हणून छायाचित्रकार, वस्तुसंग्रहालय किंवा पैठणीविक्रेता यांच्यापुढे खरा प्रश्न एवढाच उरतो, की बाहेर जाणारी प्रत कोणती असावी आणि आपल्याकडे काय राखून ठेवावे. या प्रश्नाचे उत्तर सर्व्हरवर, म्हणजे संकेतस्थळाचा मजकूर साठवून मागणीप्रमाणे पुरवणाऱ्या संगणकावर, चित्रांची मांडणी कशी केली आहे यावर अवलंबून असते.

या मांडणीत दोन घटक महत्त्वाचे असतात. पहिला डेटाबेस, म्हणजे माहिती तक्त्यांच्या रूपात नोंदवून क्षणात शोधून देणारी व्यवस्था; आणि दुसरा स्क्रिप्ट, म्हणजे वाचकाची मागणी येताच सर्व्हरवर चालणारा छोटा प्रोग्राम. रॅस्मस लेरडॉर्फ यांनी जाहीर केलेली पीएचपी ही स्क्रिप्टची भाषा आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस, दोन्हींचा उगम 1995 सालचा असून लहान-मध्यम संकेतस्थळांवर ही जोडी आजही मोठ्या प्रमाणात वापरली जाते.

चित्र थेट डेटाबेसातच ठेवावे, असे नवख्या माणसाला सहज वाटते आणि तशी सोयही असते. मायएसक्यूएलमध्ये ब्लॉब नावाचा रकाना कोणत्याही प्रकारची फाइल जशीच्या तशी सामावून घेतो. मात्र साध्या ब्लॉबची मर्यादा 65,535 बाइट, मीडियमब्लॉबची सुमारे 16 मेगाबाइट आणि लाँगब्लॉबची सुमारे 4 गिगाबाइट असते. आजच्या मोबाइलवरचे छायाचित्र सहजच काही मेगाबाइटचे असल्यामुळे साध्या ब्लॉबमध्ये ते मावत नाही, आणि मर्यादेबाबत काटेकोर नसलेल्या जुन्या मांडणीत डेटाबेस उरलेला भाग केवळ एक इशारा नोंदवून कापून टाकत असे, ज्यामुळे वरून ठीक आणि खाली करडी पट्टी अशी अर्धवट चित्रे पडद्यावर येत. चित्र आणि त्याची माहिती एकत्र राहते, एकाच वेळी दोन्हींची राखीव प्रत घेता येते, हे या पद्धतीचे फायदे नाकारण्यासारखे नाहीत. पण प्रत्येक चित्रासाठी स्क्रिप्ट आणि डेटाबेस दोघांनाही कामाला लावावे लागते आणि राखीव प्रतीचा आकार अवाढव्य होतो. मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातील जिम ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 मध्ये हाच प्रश्न मोजून पाहिला, तेव्हा 256 किलोबाइटहून लहान वस्तू डेटाबेसात आणि 1 मेगाबाइटहून मोठ्या वस्तू साध्या फाइलींच्या रूपात ठेवणे सरस ठरते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. अर्थात फाइलींचीही मर्यादा असते. फेसबुकच्या अभियंत्यांनी 2010 मध्ये मांडलेल्या माहितीनुसार त्यांच्याकडे 260 अब्ज चित्रफाइली साठल्या होत्या आणि फाइल नेमकी कुठे आहे हे शोधण्यातच डिस्कचा वेळ जात असल्याने त्यांनी असंख्य चित्रे एकेका प्रचंड फाइलीत रचून त्यांची सूची संगणकाच्या स्मृतीत ठेवण्याचा मार्ग पत्करला. शंभर-हजार चित्रांच्या संकेतस्थळाला ही चिंता करण्याचे कारण नाही.

व्यवहारात शहाणपणाची ठरते ती ग्रंथालयाची रीत: पुस्तके फडताळात आणि कार्डे खणात. डेटाबेसात चित्राचा क्रमांक, शीर्षक, छायाचित्रकाराचे नाव, तारीख, लांबी-रुंदी आणि फाइलीचा पत्ता एवढेच नोंदवावे, आणि मूळ फाइल अशा फोल्डरमध्ये ठेवावी की जिथे ब्राउझरला कोणत्याही पत्त्यावरून थेट पोहोचता येणार नाही. फाइलीला पाठवणाऱ्याने दिलेले नाव तसेच ठेवू नये. चित्राच्या नावाखाली भलताच प्रोग्राम सर्व्हरवर चढवण्याचा प्रकार फार जुना असल्यामुळे नाव स्क्रिप्टनेच द्यावे आणि आतला मजकूर खरोखर चित्राचाच आहे याची खात्री करून घ्यावी.

वॉटरमार्क, म्हणजे चित्रावर उमटवलेली मालकीची अर्धपारदर्शक छाप, यानंतर येते. जेपीईजी ही आकुंचित फाइल असते. स्क्रिप्ट ती उलगडून चित्राचे पिक्सेल, म्हणजे रंगांचे सूक्ष्म ठिपके, स्मृतीत मांडते. पीएचपीसोबत येणारी जीडी ही साधनसंहिता प्रत्येक पिक्सेलला 4 बाइट देत असल्याने 4000 बाय 3000 पिक्सेलचे चित्र, फाइल कितीही लहान असली, तरी सुमारे 48 मेगाबाइट जागा व्यापते. पीएचपीची नेहमीची मर्यादा 128 मेगाबाइट असल्याने दोन-तीन मोठी चित्रे एकदम उलगडणारी स्क्रिप्ट मध्येच का कोसळते, हे यावरून कळते. पुढचे गणित सोपे आहे: छापेला 30 टक्के वजन दिले, तर प्रत्येक ठिपक्याचा नवा रंग छापेच्या रंगाचे 30 टक्के आणि मूळ रंगाचे 70 टक्के मिळून बनतो. मराठी संकेतस्थळांना मात्र इथे एक वेगळीच अडचण येते. जीडीची नेहमीची मांडणी अक्षरे एकापुढे एक ठेवते, देवनागरीची जुळणी करत नाही. त्यामुळे ‘विठ्ठल’ लिहायला सांगितले, तर ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या मागे पडते आणि जोडाक्षर सुटे होते. यावर सरळ उपाय म्हणजे नाव आधीच एखाद्या चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये लिहून त्याचे पारदर्शक पार्श्वभूमीचे पीएनजी चित्र करून ठेवणे आणि स्क्रिप्टकडून तेच चित्रावर चढवून घेणे.

तयार झालेली प्रत जेपीईजीत पुन्हा आकुंचित करताना काही तपशील कायमचा जातो, म्हणून छाप नेहमी मूळ फाइलीवरून काढलेल्या नव्या प्रतीवरच उमटवावी. जीडी या वेळी फाइलीत दडलेली कॅमेऱ्याची माहितीही टाकून देते. त्यात छायाचित्राच्या स्थळाचे अक्षांश-रेखांश असतील तर ते जाणे इष्टच, पण छायाचित्रकाराचे नावही त्याबरोबर जाते. हे काम प्रत्येक भेटीला करण्यात अर्थ नाही; पहिल्या मागणीला प्रत घडवून वेगळ्या फोल्डरमध्ये साठवावी आणि नंतर तीच पुरवावी.

छाप कितपत टिकते, याचे उत्तर गूगलच्या संशोधकांनी 2017 मध्ये दिले आणि ते छायाचित्रविक्रेत्यांना अस्वस्थ करणारे होते. एकच छाप शेकडो चित्रांवर असेल, तर चित्रे बदलत राहतात आणि छाप तेवढी स्थिर राहते. ती स्थिर आकृती गणिताने वेगळी काढली, की वरचेच मिश्रणाचे सूत्र उलटे फिरवून मूळ रंग बऱ्याच अंशी परत मिळवता येतात. छापेची जागा किंवा पारदर्शकता बदलून फारसे साधत नाही, परंतु प्रत्येक चित्रागणिक तिच्या आकारात किंचित वाकडेपणा आणला, तर पुसल्यानंतरही कडांचे अवशेष उरतात, असे त्यांना आढळले. स्क्रिप्टला ही अतिरिक्त मेहनत फारशी जड नसूनही बहुतेक ठिकाणी तोच ठसा, तोच कोपरा वर्षानुवर्षे चालू असतो, हे नवलच म्हणायचे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी पुसण्याचे काम आणखी सोपे केले आहे. गंमत अशी, की छायाचित्रे विकणाऱ्या गेटी इमेजेसने 2023 मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेने चित्रे बनवणाऱ्या स्टॅबिलिटी एआयविरुद्ध दावा लावला, तेव्हा त्या कंपनीच्या साधनाने बनवलेल्या काही चित्रांवर गेटीच्याच छापेचे वेडेवाकडे रूप उमटलेले दाखवण्यात आले होते.

भारतात 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 2012 च्या दुरुस्तीने कलम 65-ब आले, आणि निर्मात्याचे किंवा मालकाचे नाव यांसारखी हक्कविषयक माहिती जाणूनबुजून व अनधिकृतपणे काढून टाकणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दंड अशी शिक्षा ठरली. अशा वादात पुसट छापेपेक्षा मोठ्या आकाराची, कॅमेऱ्याच्या नोंदींसह शाबूत असलेली मूळ फाइल अधिक उपयोगी पडते. त्यामुळे राखीव प्रत घ्यायची ती डेटाबेसाची आणि मूळ चित्रांच्या फोल्डरची, आणि तीही दुसऱ्या जागी. छाप बदलायची झाली, तर तयार प्रतींचे फोल्डर रिकामे करणे पुरते, पुढच्या मागणीला स्क्रिप्ट त्या नव्याने घडवते.