ठाणे खाडीतील रोहित पक्षी

निसर्गपर्यटन म्हटले की घनदाट अरण्य, व्याघ्रदर्शन आणि धुळीच्या वाटेवरून धावणारी जीप असे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. चिखल पाहण्यासाठी कोणी मुद्दाम प्रवास करील, ही कल्पना काहीशी चमत्कारिक वाटते. तथापि मुंबई, ठाणे व नवी मुंबई या शहरांच्या मधोमध पसरलेल्या सुमारे २६ किलोमीटर लांबीच्या ठाणे खाडीत पर्यटक जातात, ते एका अर्थी चिखलासाठीच. त्या चिखलावरच रोहित पक्ष्यांचे, म्हणजे फ्लेमिंगोंचे, थवे पोसले जातात.

ओहोटीच्या वेळी खाडीचे पाणी मागे सरते आणि दलदलीची विस्तीर्ण मैदाने उघडी पडतात. वरवर पाहता ती ओसाड भासतात. प्रत्यक्षात या गाळात सूक्ष्म शेवाळ, कृमी, खेकडे, खुबे आणि चिखलावर उड्या मारणारे निवटे यांची दाट वस्ती असते. काठावरील तिवरांची श्वसनमुळे पेन्सिलीप्रमाणे गाळातून वर आलेली दिसतात. ऑक्सिजनविरहित मातीत उभ्या असलेल्या या झाडांना हवा मिळते ती त्यांच्याद्वारे. अशा झाडांच्या समूहास कांदळवन म्हणतात.

खाडीत रोहित पक्ष्यांच्या दोन जाती आढळतात. मोठा रोहित माणसाच्या खांद्याएवढा उंच असून तो लहान कोळंबीसदृश जीव व शंख-शिंपले खातो. लहान रोहित मुख्यत्वे नीलहरित शेवाळावर जगतो आणि येथे त्याचीच संख्या अधिक असते. खाताना हा पक्षी मान खाली घालून चोच उलटी धरतो. जीभ पंपासारखी मागेपुढे होत पाणी आत ओढते व बाहेर टाकते; चोचीच्या कडांवरील बारीक गाळणीत अन्न अडकते. त्याचा गुलाबी रंगही अन्नातील रंगद्रव्यापासूनच येतो. पिलू जन्मतः करड्या रंगाचे असते. हे पक्षी गुजरातेतील कच्छच्या रणात वीण करतात आणि साधारणतः नोव्हेंबर ते मे या काळात मुंबईच्या परिसरात मुक्काम करतात. १९९०च्या दशकापासून ते येथे मोठ्या संख्येने दिसू लागले.

त्यांच्या येण्यामागे एक विसंगती आहे. शहरांच्या सांडपाण्यातील नत्र व स्फुरद यांमुळे शेवाळ फोफावते आणि लहान रोहितांना विपुल अन्न मिळते. तेच सांडपाणी पाण्यातील ऑक्सिजन घटवते व मासळीचा नाश करते. ज्या खाडीकडे पर्यटक कौतुकाने पाहतो, त्याच खाडीत काठच्या कोळीवाड्यांतील जाळी रिकामी येऊ लागली, हे विसरता येणार नाही.

येथे जाणाऱ्याने घड्याळाआधी पंचांग पाहावे हे उत्तम. कोकणपट्टीतील जुना हिशेब असा की, तिथीच्या अंकाची पाऊणपट केली असता पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा, तर पौर्णिमा-अमावास्येस बाराच्या सुमारास भरती असते. खाडीच्या आतल्या भागात ती थोडी उशिरा पोहोचते. पूर्ण भरतीत दलदल बुडते व पक्षी निघून जातात. पूर्ण ओहोटीत होडी गाळात रुतते. म्हणून ऐरोली येथील किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून सुटणाऱ्या होड्यांची वेळ रोज बदलते. होडी थव्यापासून दूर थांबवावी लागते. जवळ गेल्यास थवा उडतो. छायाचित्र सुंदर येते खरे, पण पक्ष्याची मोलाची शक्ती व चरण्याचा वेळ वाया जातो. कुरव पक्ष्यांना शेव-गाठी टाकण्याची हौस तर सर्वथा टाळावी.

महाराष्ट्र शासनाने २०१५ साली येथील सुमारे १,६९० हेक्टर क्षेत्रास फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित केले. मालवणनंतरचे हे राज्यातील दुसरे सागरी अभयारण्य होय. इराणमधील रामसर येथे १९७१ साली पाणथळ जागांच्या रक्षणासाठी आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याच्या यादीत नांदूर मधमेश्वर व लोणार यांच्यानंतर २०२२ साली ठाणे खाडीचाही समावेश झाला.

परंतु पक्षी नकाशावरील सीमा पाळत नाहीत. भरतीत दलदल बुडाली की थवे नवी मुंबईतील उथळ तळ्यांवर विसाव्यास जातात. ही तळी अभयारण्याबाहेर असल्याने त्यांवर भराव, रस्ते व इमारती यांचे संकट सदैव असते. नेरूळ येथील अशाच एका तळ्यात येणारा भरतीचा प्रवाह अडल्याने २०२४ साली ते कोरडे पडू लागले. त्याच वर्षी मे महिन्यात घाटकोपरजवळ विमानाची धडक बसून तीसहून अधिक रोहित मृत्युमुखी पडले. विसाव्याच्या जागा बिघडल्यानेच थवे मार्ग बदलून उडाले, असे काही निसर्गप्रेमींचे म्हणणे होते. केवळ एका घटनेवरून ते सिद्ध करणे अवघड आहे. २०२५ साली राज्य वन्यजीव मंडळाने नेरूळच्या या तळ्यास संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा देण्यास मान्यता दिली. भरतीच्या वेळी तेथे गेल्यास होडीचीही गरज पडत नाही. काठावर उभे राहूनच एका पायावर विसावलेले रोहित पाहता येतात.