अ‍ॅटनबरो आडनावाच्या मागावर

चर्चच्या जुन्या नोंदवह्या वाचायला बसलं की पहिले दोन तास हाती काही लागत नाही. पडद्यावर फिल्म सरकत राहते, फिकट तपकिरी शाईतले फराटे दिसतात, आणि इथला ‘ई’ उलटा काढलाय हे लक्षात येईपर्यंत अर्धं पान निघून जातं. मोडी शिकताना अगदी असंच झालं होतं. नॉटिंगहॅममध्ये बसून मी शोधत होते अ‍ॅटनबरो.

बारसं, लग्न आणि दफन यांच्या नोंदी ठेवायचा हुकूम इंग्लंडमध्ये १५३८ साली राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल यानं काढला. सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी सुरू झाली १८३७ मध्ये. मधल्या तीनशे वर्षांत सामान्य माणसाचा माग काढायचा तर मुख्य आधार या वह्यांचाच. सांगणाऱ्याला बहुधा लिहिता येत नसे. पाद्र्याला जसं ऐकू आलं तसं उतरलं. या आडनावाची रोमन लिपीतली तीन-चार तरी रूपं मला माहीत आहेत. देवनागरीत त्यातली दोन सारखीच लिहावी लागतील, इंग्रजीत मात्र शेवटची अक्षरं पार बदलतात. आजच्याच स्पेलिंगचा हट्ट धरला तर अर्धं घराणं हातचं निसटतं. म्हणून प्रत्येक रूपासाठी मी वहीत वेगळं पान ठेवते.

तारखांचंही भान ठेवावं लागतं. १७५२ पर्यंत तिथलं नवं वर्ष २५ मार्चला लागत असे. वहीत फेब्रुवारी १६४० अशी नोंद असेल, तर ती आपल्या हिशेबानं १६४१ ची. हे विसरलं की नोव्हेंबरात लग्न झालेल्या जोडप्याला त्याआधीच मूल झालेलं दिसतं.

अ‍ॅटनबरो हे गाव नॉटिंगहॅमच्या नैर्ऋत्येला, ट्रेंट नदीच्या काठी. अड्डा नावाच्या कुणाची तटबंदीची जागा, असा त्या नावाचा अर्थ लावतात. गावातच राहणाऱ्याला गावाचं नाव कोण लावणार? ते लागतं परगावी, ‘कुठला हा?’ असं विचारलं जातं तेव्हा. आपली कितीतरी ‘कर’ आडनावं अशीच पडली. त्यामुळे मी त्या गावाच्या वहीपेक्षा भोवतालच्या गावांच्या वह्यांवर जास्त वेळ घालवते.

आडनावं रुळली त्या काळापर्यंत या वह्या पोचत नाहीत. तिथे वाय गुणसूत्र उपयोगी पडतं, कारण तेही आडनावासारखंच बापाकडून मुलाकडे जातं. लेस्टर विद्यापीठातल्या टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी ४० आडनावांच्या १,६७८ पुरुषांचं हे गुणसूत्र तपासलं. निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. स्मिथ म्हणजे लोहार, आणि लोहार गावोगावी. त्यामुळे स्मिथ मंडळींत परक्यांपेक्षा जास्त साम्य निघालं नाही. अ‍ॅटनबरोंपैकी ८७ टक्क्यांचं गुणसूत्र मात्र एकाच प्रकारचं. बहुतेकांचा मूळपुरुष एक असावा, असं मला यावरून ठामपणे वाटतं. दुर्मीळ आडनावाचं मोल इथे कळतं.

‘गांधी’ (१९८२) चित्रपटामुळे रिचर्ड अ‍ॅटनबरो आपल्याकडे घरोघरी माहीत झाले. त्यांचे आणि त्यांचे भाऊ डेव्हिड यांचे वडील फ्रेडरिक हे अँग्लो-सॅक्सन कायद्यांचे अभ्यासक; ज्या भाषेतून त्यांचं आडनाव आलं, तीच त्यांनी अभ्यासली. फ्रेडरिक यांचा जन्म १८८७ मध्ये स्टेपलफर्डला झाला. अ‍ॅटनबरो गाव तिथून जेमतेम पाच किलोमीटरवर आहे.