ओमानची सफर, स्टिअरिंग आपल्या हाती : आठ दिवसांचा हिशेब

दुकान आठ दिवस बंद ठेवायचे म्हटले की व्यापाऱ्याला सहलीच्या खर्चाआधी बुडणारा गल्ला दिसतो. कारागिराचे तर विचारूच नका. हात थांबला की कमाई थांबली. म्हणून आपल्या बहुतेक घरांत सहल म्हणजे कोणाच्या तरी लग्नाला जाताना वाटेत पाहिलेले एखादे ठिकाण. मुले लहान असेपर्यंत हे निभावते. पण मुलगा दहावीला आणि मुलगी बारावीला पोहोचली की घरात ती पाहुण्यासारखी राहू लागतात. दोन वर्षांत एक पुण्याला जाते, दुसरे मुंबईला. आपला धंदा काय आहे, तो कसा उभा राहिला, हे बापाने मुलांना निवांत बसून सांगायचे राहूनच जाते. मोटारीत शेजारी बसून तीन-चारशे किलोमीटर गेले की अशा गोष्टी आपोआप निघतात. आम्ही या पानावर सहलीचा विषय घेतला तो एवढ्यासाठी.

परदेशात स्वतः गाडी चालवायची तर सुरुवात ओमानपासून करावी, असे आमचे मत आहे. मुंबईहून मस्कत विमानाने अडीच-तीन तासांवर आहे, घड्याळ दीड तासच मागे आहे. रस्ते उत्तम, पाट्या अरबी आणि इंग्रजीत, पेट्रोल पंपांवर बहुधा मशीद व स्वच्छतागृह असते. चहाच्या टपरीवर केरळी माणूस हिंदीत बोलतो. खाण्यापिण्याचा प्रश्न येत नाही. शिवाय रत्नागिरी-रायगडकडच्या अनेक घरांतले कोणी ना कोणी मस्कत, सोहार किंवा सलालात नोकरीला असते किंवा कधी काळी होते. अडचण आलीच तर फोन करायला माणूस मिळतो.

केव्हा जावे?

एप्रिल-मेच्या सुट्टीचा विचारही नको. उन्हाचा पारा चाळीसच्या वर जातो आणि मुले गाडीतून उतरायला तयार होत नाहीत. ऑक्टोबर ते मार्च हा हंगाम खरा. त्यात फेब्रुवारी-मार्च बोर्डाच्या परीक्षांत जातो. रमजानमध्ये बाजारातली कमाई सोडून कोण जाणार? आणि त्या महिन्यात तिकडे दिवसा खानावळी बंद असतात, संध्याकाळी इफ्तारच्या वेळी रस्त्यावर धांदल असते. दिवाळीच्या सुट्टीचा पहिला आठवडा कपडा, जरी, चपला, फर्निचरवाल्यांसाठी गिऱ्हाइकीचा. म्हणजे उरतो तो लक्ष्मीपूजनानंतरचा आठवडा. बाजार थंडावलेला असतो, शाळा बंद असते, तिकडे हवा सुधारलेली असते. ही संधी दर वर्षी येते. तारखा चार महिने आधी पक्क्या कराव्यात.

कागदपत्रे

पासपोर्टची मुदत परतीनंतरही सहा महिने शिल्लक असावी. इथे मुलांचे पासपोर्ट फसवतात. लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचा किंवा अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंतचा, यांपैकी जे आधी येईल तेवढा असतो. पंधरा ते अठरा वयाच्या मुलांना दहा वर्षांचा मागता येतो. बापाचा पासपोर्ट नवा आणि मुलाचा चार महिन्यांत संपणारा, असे घरोघरी आढळते. व्हिसा रॉयल ओमान पोलिसांच्या वेबसाइटवरून ऑनलाइन मिळतो. नियम बदलत असतात, तेव्हा तिथेच पाहावे.

गाडी चालवणाऱ्याने आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढावा. आपल्या आरटीओत एक हजार रुपये फी भरून तो मिळतो, मुदत एक वर्षाची. पण तो एकटा कामाचा नाही, मूळ परवाना सोबत लागतोच. नवरा-बायको दोघांनाही गाडी येत असेल तर दोघांचा काढावा आणि दोघांची नावे भाड्याच्या करारात घालावीत. ज्याचे नाव करारात नाही त्याच्या हातून काही घडले तर विमा लागू होत नाही.

याच मुद्द्यावर घरात वाद होईल, तो निघण्यापूर्वीच मिटवावा. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा इकडे चोरून स्कूटर चालवत असतो. वाळवंटात रिकामा रस्ता दिसला की तो म्हणणार, ‘अब्बा, फक्त पाच मिनिटे.’ उत्तर एकच : नाही. आपल्याकडेही २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड आहे. परक्या मुलुखात पाच मिनिटांच्या हौसेपायी दुकानाचे भांडवल गमावण्याची वेळ येऊ शकते.

खर्च

ओमानी रियाल वजनदार आहे. एका रियालचे हजार बैसा होतात, आणि रियाल डॉलरला बांधलेला असून एका रियालला सुमारे २.६ डॉलर पडतात. म्हणजे एका रियालला दोनशेहून अधिक रुपये. ‘पाच रियाल तर आहेत’ असे म्हणत मुले हजार रुपये उडवतात. त्यासाठी हिशेबाची वही मुलांपैकी एकाच्या हाती द्यावी, रोजची ठरावीक रक्कमही त्याच्याच खिशात. दुकानदाराच्या मुलाला गल्ला सांभाळायला शिकवण्याची याहून चांगली जागा नाही. दुसऱ्याकडे नकाशा द्यावा. नकाशे फोनमध्ये आधीच उतरवून घ्यावेत, डोंगरात रेंज जाते.

पेट्रोलचे मात्र स्वस्त. २०२१ च्या अखेरीस तिथल्या सरकारने साध्या, म्हणजे ९१ ऑक्टेन पेट्रोलला लिटरमागे २२९ बैसा अशी कमाल मर्यादा घातली. या भावाने हजार किलोमीटर, लिटरला बारा किलोमीटर धरून, ८३ लिटर म्हणजे १९ रियाल. आपल्या पंपावर याच्या दुपटीच्या आसपास लागले असते. खरा खर्च विमान, मुक्काम आणि गाडीचे भाडे यांचा.

एजंटाकडून पूर्ण पॅकेज घेतले तर तो टीसीएस कापतो. ही पद्धत १ ऑक्टोबर २०२० पासून आहे, दर आणि मर्यादा अनेकदा बदलल्या आहेत. आपल्या हिशेबनीसाला विचारावे. हा जादा कर नव्हे, प्राप्तिकरात वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो. आणि एक सूचना : सहलीचा खर्च धंद्याच्या वहीत ‘प्रवास’ म्हणून घालू नये. मुलांच्या बोटिंगचे बिल कोणत्याही अधिकाऱ्याला धंद्याचे वाटणार नाही.

रस्ता

विमान मंगळवारचे धरावे. मंगळवार-बुधवार मस्कतमध्ये टॅक्सीने फिरावे. सुलतान काबूस मशीद (२००१ मध्ये खुली झालेली), मत्राहचा बाजार, पोर्तुगीजांचे दोन किल्ले. पोर्तुगीज १६५० मध्ये मस्कतमधून हुसकले गेले. वसई, चौल, कोर्लईचे किल्ले पाहिलेल्यांना हे बांधकाम ओळखीचे वाटेल. गाडी गुरुवारी सकाळी दहाच्या सुमारास, ऑफिसची गर्दी ओसरल्यावर घ्यावी. तिकडे वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते, चालक डावीकडे बसतो. उजवे वळण सोपे, डावे कठीण. गोल चौकात आत असलेल्या गाडीचा हक्क पहिला. गिअरची कटकट नको म्हणून ऑटोमॅटिक गाडी घ्यावी, दोन पैसे जास्त गेले तरी चालतील. मागे बसणाऱ्यांनीही पट्टा बांधायचा. मोठ्या रस्त्यावर मर्यादा बहुतेक ठिकाणी १२० आहे आणि कॅमेरे ठिकठिकाणी आहेत.

मस्कत ते निझवा सुमारे १६५ किलोमीटर. गुरुवारी रात्री तिथे मुक्काम करण्याचे कारण म्हणजे शुक्रवारचा गुरांचा बाजार. पहाटे विक्रेते शेळ्या-मेंढ्या घेऊन गोलाकार फिरतात, गिऱ्हाईक कडेला उभे असते, भाव चालता चालता ठरतो. नऊपर्यंत सारे आटोपते. व्यापाऱ्याच्या मुलाला हे पाहण्यासाठी पहाटे उठवले तर तो कुरकुरेल, पण नंतर घरी आल्यावर सांगत राहील. निझव्याच्या बाजारात चांदीकाम आणि खंजिरांच्या मुठी पाहाव्यात. ‘कुम्मा’ ही ओमानी टोपी तर भरतकामवाल्यांनी हातात घेऊनच बघावी : सुईने पाडलेली बारीक छिद्रे, प्रत्येकाच्या कडेला टाका. हाताची कुम्मा आणि यंत्राची कुम्मा यांच्या भावातला फरक दुकानदाराकडून मुलांनाच विचारू द्यावा. कारागिराच्या घामाला बाजारात मोल आहे, हे मुलांना आपण सांगून पटत नाही, तो भाव ऐकून पटते.

दुपारी बहला आणि जबरीन. बहलाचा मातीचा किल्ला १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि गावात कुंभारकाम अजून चालते. जबल अखदर हा डोंगर पाहायचा तर खालच्या पोलीस चौकीपुढे फक्त फोर-व्हील गाडी सोडतात. साधी गाडी असेल तर स्थानिक चालकासह जीप भाड्याने घ्यावी.

शनिवारी बिदिया, सुमारे दोनशे किलोमीटर. वाळूत आपली गाडी घालू नये. ती गावात ठेवावी, तंबूवाले घ्यायला येतात. रविवारी सूर. आम्हाला विचाराल तर सबंध सफरीचे सोने इथे आहे. सूरच्या कारखान्यात लाकडी गलबते बांधली जात आली, त्यांना सागवान मलबारहून यायचे. १९८० साली टिम सेव्हरिन यांचे ‘सोहार’ हे जहाज याच गावी बांधले गेले. फळ्या खिळ्यांनी न ठोकता काथ्याने शिवलेल्या. ते चीनमधील कँटनपर्यंत गेले. आता ते मस्कतमध्ये अल बुस्तानजवळच्या चौकात उभे आहे. कोकणातल्या सुताराच्या मुलाला हे दाखवावे, मग तो आजोबांच्या वाकसाकडे वेगळ्या नजरेने पाहील. त्या रात्री रास अल जिन्झला हिरवी कासवे अंडी घालायला येतात ती पाहता येतात, आगाऊ नोंदणी लागते. सोमवारी किनाऱ्याने मस्कत, वाटेत वादी शाब आणि बिम्माचे कुंड. पोहायला येणाऱ्या मुलांना हाच दिवस सर्वांत आवडेल.

वादी म्हणजे कोरडी नदी, पण डोंगरात पाऊस पडला की तिथे क्षणात पूर येतो. एप्रिल २०२४ च्या पुरात शाळकरी मुलांसह अनेक जण दगावले. वाहत्या वादीत गाडी घालणे तिथे गुन्हा आहे. आभाळ काळवंडले तर हॉटेलात बसावे, कार्यक्रम बुडाला तरी हरकत नाही.

सलालाचे नाव अनेकांच्या तोंडी असते. ते मस्कतपासून सुमारे हजार किलोमीटर आहे. एका चालकाने, मुलांसह, या खेपेला नाही. रोज तीन तासांहून अधिक गाडी चालवू नये हा नियम पाळला तरच संध्याकाळी बापाचा आवाज चढत नाही.

गाडी घेताना सर्व बाजूंनी व्हिडिओ काढावा, ते काम मुलांचे. आमच्या माहितीतल्या एका लोखंड व्यापाऱ्याला गाडी परत देताना जुन्या ओरखड्याचे पैसे मागितले गेले. मुलीच्या फोनमधला व्हिडिओ दाखवल्यावर मागणी सुटली. विम्यात टायर, काचा आणि गाडीचा तळ बहुधा धरलेला नसतो, करार वाचून घ्यावा. अनामत चालकाच्या स्वतःच्या क्रेडिट कार्डावर अडवतात आणि कॅमेऱ्याचे दंड नंतर त्यातूनच वळते होतात. ती सुटायला कधी कधी काही आठवडे लागतात, तोवर त्या कार्डावर मालाची खरेदी धरू नये.