नाव, क्रमांक आणि नोंदवही

सिल्वासाच्या पत्त्याखाली ३९६२३० हा पिन कोड आपण सवयीने लिहितो. पत्ता मराठीत असो वा गुजरातीत, क्रमांक तोच राहतो. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली ही योजना १५ ऑगस्ट १९७२ रोजी अमलात आली. एकाच नावाची अनेक गावे आणि अनेक लिप्यांतले पत्ते यांतून वाट काढण्यासाठी नावाला क्रमांकाची जोड देणे, हे तिचे मर्म होय.

संगणकांच्या जाळ्यातही हाच प्रश्न निराळ्या रूपात उभा राहतो. एकाच संगणकावर ई-मेल, वेब अशा अनेक सेवा चालतात. आलेला संदेश कोणत्या सेवेकडे न्यायचा, हे ‘पोर्ट’ क्रमांकावरून ठरते. ई-मेल पाठवण्यासाठी २५, वेबसाठी ८०, सुरक्षित वेबसाठी ४४३, असे हे संकेत आहेत. ते जगभर एकसारखे राहावेत म्हणून जॉन पोस्टेल यांनी अनेक वर्षे त्यांची नोंद सांभाळली. युनिक्स संगणकात अशा नोंदी ‘सर्व्हिसेस’ नावाच्या साध्या फाइलीत असतात.

‘सी’ भाषेतील ‘गेटसर्व्हएंट’ हे फंक्शन ही नोंदवही वाचते. प्रत्येक वेळी ते पुढची एक नोंद देते: सेवेचे नाव, उपनावे, पोर्ट क्रमांक आणि टीसीपी किंवा यूडीपी यांसारखा प्रोटोकॉल. नोंदी संपल्या की ‘नल’ परत येते. ‘सेटसर्व्हएंट’ वाचन पुन्हा आरंभापासून सुरू करते, तर ‘एंडसर्व्हएंट’ वही मिटते.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, क्रमांकातील बाइट जाळ्याच्या ठरलेल्या क्रमाने येतात. ते आपल्या संगणकाच्या क्रमात न आणता वाचले, तर आजच्या बहुतेक संगणकांवर २५ चे ६४०० होतात. दुसरी, उत्तर जणू एकाच पाटीवर लिहिलेले असते. पुढची नोंद मागताच आधीची पुसली जाऊ शकते, म्हणून हवी ती नोंद आधी उतरवून घ्यावी. या चुका झाल्या तरी फंक्शन तक्रार करीत नाही. प्रोग्रॅम निमूटपणे भलत्याच दारी जातो.

पिन कोडवरून पत्र कोणत्या टपाल कार्यालयात जाईल ते कळते. ज्याच्या नावे पत्र आहे तो घरी आहे की नाही, हे कळत नाही. तद्वत ही नोंदवही केवळ संकेत सांगते. त्या दारामागे तीच सेवा चालू आहे की दुसरेच कोणी बसले आहे, याची ग्वाही ती देत नाही. म्हणून सुरक्षेची व्यवस्था पाहणाऱ्याने नोंदीतील नावावर विसंबून न राहता, दार स्वतः ठोठावून खात्री करावी.