प्रकाशाला जागेवर ठेवणारी वीज

क्वांटम संगणकाच्या बातम्यांत फोटॉनचा भाव कायम वधारलेला असतो. प्रकाशाचा हा कण आजूबाजूच्या गोंधळाला सहसा दाद देत नाही, फायबरमधून किलोमीटरभर बिनबोभाट जातो, आणि त्याच्यासाठी लागणाऱ्या वाटा नेहमीच्या चिप-कारखान्यात सिलिकॉनवर कोरता येतात. हे सगळं खरं आहे. पण या कौतुकात विजेचा वाटा झाकला जातो. कुठली वाट किती तापवायची, लेझरशी मेळ जुळला का, फोटॉन पोचला का, हे सगळं साधे ट्रान्झिस्टर सांभाळतात. फोटॉनवर चालणारी क्वांटम यंत्रं प्रयोगशाळेच्या टेबलावरून उतरणार की नाही, हे यापुढे मुख्यतः या कंट्रोल चिपच्या डिझाइनवर ठरेल असं माझं मत आहे.

त्याचा चांगला पुरावा म्हणजे जुलै 2025 मध्ये ‘नेचर इलेक्ट्रॉनिक्स’ या नियतकालिकातून पुढे आलेली एक चिप. बोस्टन विद्यापीठ, कॅलिफोर्निया विद्यापीठाची बर्कली शाखा आणि शिकागोजवळचं नॉर्थवेस्टर्न विद्यापीठ यांच्या संशोधकांनी मिळून ती केली. तिच्यावर फोटॉनच्या जोड्या तयार करणारे 12 स्रोत आहेत आणि प्रत्येक स्रोत म्हणजे सिलिकॉनची एक सूक्ष्म कडी. लेझरचा प्रकाश कडीत शिरून गोल फिरत राहतो. अधूनमधून त्यातले दोन फोटॉन नाहीसे होतात आणि त्यांच्या जागी एक नवी जोडी जन्मते, एकाची ऊर्जा थोडी जास्त, दुसऱ्याची तेवढीच कमी. मात्र कडीचा घेर आणि प्रकाशाची तरंगलांबी यांचा मेळ बसला तरच हे घडतं, आणि इथेच सिलिकॉन दगा देतं. तापमान एका अंशाने वाढलं की कडीचा अनुनाद, म्हणजे हा मेळ जिथे बसतो ती वारंवारता, साधारण 10 गिगाहर्ट्झने सरकतो. ज्या कडीचा गुणवत्ता गुणांक (Q), म्हणजे प्रकाश धरून ठेवण्याची क्षमता, लाखाच्या घरात आहे, तिच्या अनुनादाची रुंदी जेमतेम 2 गिगाहर्ट्झ असते. म्हणजे अंशाच्या पाचव्या हिश्श्यातच खेळ बिघडतो. त्यातून मेळ बसला की कडीत प्रकाश वाढतो, प्रकाशाने कडी तापते, आणि तापली की मेळ सुटतो. शेजारच्या 11 कड्यांची धग वेगळीच. मैफलीत दिव्यांच्या झळीने तंबोरा उतरावा आणि मागे बसलेल्या शिष्याने गाणं न थांबवता खुंटी पिळत राहावी, तसलं हे काम. फक्त इथे तंबोरे बारा.

या चिपमध्ये तो शिष्य चिपच्या आतच बसवलेला आहे. प्रत्येक कडीत एक फोटोडायोड, कडीसाठी हीटर आणि जोडीला नियंत्रणाचं सर्किट. कडीत प्रकाश जितका जास्त तितका डायोडचा करंट जास्त. सर्किट तो वाचतं आणि हीटरची वीज कमीजास्त करून मेळ टिकवतं. क्वांटमबद्दल थोडंफार वाचलेल्या माणसाला इथे शंका येणारच: मोजलं की अवस्था मोडते म्हणतात, मग कडीतच पहारा बसवून जोड्या शाबूत कशा? तर पहारा लेझरच्या प्रकाशावर आहे. तो प्रकाश जोड्यांच्या मानाने इतका प्रचंड असतो की त्यातला किंचित भाग मोजणीत खर्च झाला तरी चालतं. जोडीतला एखादा फोटॉनही डायोडमध्ये गडप होऊ शकतो, पण तो निव्वळ तोटा. त्याने बाकीच्या जोड्या बिघडत नाहीत. डायोडने प्रकाश किती खावा, हा म्हणूनच डिझाइनमधला नाजूक हिशेब. कमी खाल्ला तर करंट नॉइजमध्ये बुडतो, जास्त खाल्ला तर मोलाचे फोटॉन हातचे जातात.

एवढा खटाटोप कशाला, बाहेरची उपकरणं आणि एक संगणक पुरे की, असंही कोणी म्हणेल. लहान यंत्राला खरोखरच पुरतात. ब्रिस्टल विद्यापीठाने 2015 साली दाखवलेल्या सहा वाटांच्या प्रकाशीय चिपमध्ये 15 इंटरफेरोमीटर (दोन वाटांमधला प्रकाश एकमेकांत मिसळणारे घटक) आणि 30 हीटर होते. एवढ्यांना बाहेरून वीज देणं जमतं. पण वाटा वाढल्या की हीटर वर्गाच्या प्रमाणात वाढतात. त्याच रचनेत 100 वाटा घेतल्या तर 4950 इंटरफेरोमीटर आणि 9900 हीटर होतात, आणि तारा जोडायला जागा मात्र चिपच्या कडेलाच. घडवतानाच कड्या अचूक करा, हा दुसरा सल्लाही ऐकायला बरा आहे. कडीच्या रुंदीत नॅनोमीटरभर फरक पडला तरी अनुनाद स्वतःच्या रुंदीच्या कितीतरी पट सरकतो, आणि अचूक घडलेली कडीसुद्धा तापायची ती तापतेच.

प्रकाश आणि ट्रान्झिस्टर एकाच चिपवर आणण्याची ही कारागिरी कशी असते हे कळायला थोडं मागं जावं लागतं. बारा कड्यांची ती चिप ज्या 45 नॅनोमीटरच्या चिप-प्रक्रियेच्या घराण्यातली आहे, त्यातलाच, प्रकाशाने संवाद साधणारा मायक्रोप्रोसेसर 2015 मध्ये ‘नेचर’मध्ये आला होता: 7 कोटींवर ट्रान्झिस्टर आणि 850 प्रकाशीय घटक, तेही फाउंड्रीची, म्हणजे चिप-कारखान्याची, प्रक्रिया न बदलता. न बदलण्याची किंमत भरपूर होती. ट्रान्झिस्टरसाठी योग्य असलेला ऑक्साइडचा थर प्रकाशासाठी फार पातळ पडतो आणि प्रकाश खालच्या सिलिकॉनमध्ये झिरपतो. म्हणून चिप तयार झाल्यावर खालचं सिलिकॉन खरवडून काढावं लागलं. पृष्ठभाग सपाट राहावा म्हणून फाउंड्री मोकळ्या जागी धातूचे निरुपयोगी तुकडे आपोआप भरते. ते प्रकाशाच्या वाटेवर आले तर प्रकाश शोषतात, तेव्हा तिथे भरणी बंद करायची. लेआउट तपासणारे नियम काटकोनांसाठी लिहिलेले, आणि कडी तर गोल. टेपआउटच्या, म्हणजे अंतिम डिझाइन कारखान्याकडे पाठवण्याच्या, आधीचे आठवडे असल्या कटकटींत जातात, आणि बातमीत त्यांचा उल्लेखही नसतो.

यावरचा वजनदार आक्षेप असा की, प्रकाश आणि ट्रान्झिस्टर एकाच चिपवर आणणं ही दोघांचीही तडजोड आहे. ट्रान्झिस्टर जुन्या पिढीचे मिळतात, प्रकाशाच्या वाटांना गळती जास्त. हा आक्षेप मी बराचसा मान्य करतो. साय-क्वांटम कंपनीच्या 2025 च्या ‘ओमेगा’ चिपसंचात प्रकाश वळवायला बेरियम टायटनेट वापरलं आहे, आणि त्याला कारण आहे. एकेक फोटॉन टिपणारे अतिवाहक डिटेक्टर शून्याखाली जवळजवळ 270 अंशांवर काम करतात, आणि तिथे सिलिकॉनचा उष्णतेला मिळणारा प्रतिसाद हजारो पटींनी घटतो. हीटरची युक्ती तिथे निकामी. सगळं एकाच चिपवर हवं असा हट्ट त्यामुळे धरता येत नाही. इलेक्ट्रॉनिक्स प्रकाशाच्या जितकं जवळ नेता येईल तितकं न्यावं, एवढं मात्र म्हणता येतं.

आणि जवळ नेण्याची घाई का, ते वेगाच्या हिशेबात दिसतं. ब्रिस्टलच्याच गटाने 2024 मध्ये प्रकाश टिपणारा भाग आणि त्याचा अॅम्प्लिफायर एकाच चिपवर, 80 गुणिले 220 मायक्रोमीटरमध्ये बसवला. जोडणी आखूड झाली की तिथे साठणारा विद्युतभार कमी होतो आणि सर्किट चपळ होतं. फोटॉनवरच्या गणनेत एका फोटॉनच्या मोजणीवरून पुढच्याची वाट ठरवायची असते, आणि निर्णय होईपर्यंत त्या पुढच्याला फायबरच्या वेटोळ्यात फिरवत ठेवावं लागतं. फायबरच्या एका मीटरला 5 नॅनोसेकंद लागतात. सर्किटने 100 नॅनोसेकंद घेतले तर 20 मीटर फायबर लागलं. तेवढ्या लांबीत गळती नगण्य. पण हेच थांबणं चिपवरच्या सिलिकॉन वाटेत करायचं म्हटलं, जिथे सेंटीमीटर-सेंटीमीटरला गळती मोजावी लागते, तर काही नॅनोसेकंदांतच बहुतेक फोटॉन संपलेले असतात. कड्या स्थिर ठेवणारं 2025 चं सर्किट या शर्यतीत उतरलेलंच नाही. उष्णतेची चाल संथ असल्याने त्याला सवडीने काम करता येतं. मोजून लगेच निर्णय देणारं, थंडीत चालणारं आणि तिथे फारशी उष्णता न सोडणारं सर्किट हे त्याहून अवघड डिझाइन आहे.