पिशवीतली गाठ आणि हार्मोनचा निरोप

मंडळी, आपल्या संग्रामपूर तालुक्यात बायका एकमेकींना सांगतात, "सोनोग्राफीत पिशवीला गाठ निघाली." या गाठीला फायब्रॉइड म्हणतात. गर्भाशयाच्या स्नायूतल्या एका पेशीपासून ती वाढते आणि कर्करोगाची क्वचितच असते. पण 'गाठ' म्हटलं की घर घाबरतं, आणि पुढचा सल्ला बरेचदा एकच: पिशवी काढून टाका. म्हणून ही गाठ कशावर वाढते आणि शास्त्रज्ञ ते कसं तपासतात, हे आज समजून घेऊ.

इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही हार्मोन्स अंडाशयातून रक्तात उतरतात आणि अंगभर फिरतात. मग सगळीकडेच गाठी का होत नाहीत? आकाशवाणीच्या लहरी सगळ्याच घरांवरून जातात, पण कार्यक्रम ऐकू येतो तो रेडिओ असलेल्या घरात. पेशीतला हा रेडिओ म्हणजे रिसेप्टर, मराठीत ग्राही. ते एक प्रथिन असतं. हार्मोन त्याला चिकटलं की ठरावीक जनुकं कामाला लागतात. पूर्वी सारा दोष इस्ट्रोजेनला दिला जाई. आता कळलं आहे की इस्ट्रोजेन पेशीला प्रोजेस्टेरॉनचे ग्राही तयार करायला लावतं, आणि मग प्रोजेस्टेरॉन गाठ वाढवतं. पाळी कायमची थांबली की गाठ बहुधा आक्रसते, ती यामुळेच.

हे तपासायला शस्त्रक्रियेत निघालेल्या गाठीचे बारीक तुकडे करतात, पेशी सुट्या करतात आणि ३७ अंश सेल्सिअसला पोषक द्रवात वाढवतात. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात नाना प्रकारच्या पेशी अशाच सांभाळून देशभरच्या प्रयोगशाळांना पुरवल्या जातात. पण फायब्रॉइडच्या पेशींची एक अडचण आहे. शरीराबाहेर दोन-चार पिढ्या वाढल्या की त्यांचे ग्राही झपाट्यानं कमी होतात. सुमारे ७० टक्के गाठींत मेड-१२ या जनुकात बदल सापडतो. हा बदल २०११ साली उजेडात आला. पण तो असलेल्या पेशी बशीत मागे पडतात आणि कपाशीत तण माजावं तशा दुसऱ्याच पेशी माजतात.

आणखी एक गंमत. पोषक द्रवात रंगासाठी फिनॉल रेड घालतात. तेच थोडंफार इस्ट्रोजेनसारखं वागतं! वासराच्या रक्तद्रवातही हार्मोन्स असतातच. म्हणून काळजी घेणारे संशोधक बिनरंगी द्रव वापरतात, रक्तद्रव कोळशानं गाळून घेतात, पेशी ताज्या असतानाच प्रयोग करतात आणि आधी ग्राही मोजतात. रेडिओच नसलेल्या घरात कार्यक्रम कुणी ऐकला नाही, म्हणून केंद्र बंद आहे असं कसं म्हणणार? ग्राही नसलेल्या पेशींवर औषध चाललं नाही, तर दोष औषधाचा की पेशींचा, हे कळतच नाही.

याचा आपल्याशी संबंध काय? गर्भाशय न काढता गाठ आवरणारी औषधं अशाच प्रयोगांतून पुढे येतात. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. शस्त्रक्रिया वाईट असं आम्ही म्हणत नाही. रक्तस्राव आवरत नसेल तर ती गरजेची ठरू शकते. पण त्रास न देणाऱ्या गाठीवर नुसती नजर ठेवली तरी बहुधा भागतं. गोळ्या आहेत, हार्मोनची तांबी आहे, नुसती गाठ काढण्याची शस्त्रक्रियाही आहे. तेव्हा डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: गाठ केवढी आहे, त्रास तिच्यामुळेच आहे का, आणि दुसरा इलाज कोणता? पाळी थांबल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर मात्र एक दिवसही दवडू नका.